भावाच्या हृदयाला जपताना

१४ नोव्हेंबर १९९६, सकाळ

आजपासून रोज लिहिणार. मोजकं आणि खरं.

विषय एकच. नेव्हीन, माझी भाची. वय सत्तावीस. प्रवास कंपनीच्या ऑफिसात नोकरी. चेहरा आईचा, हट्ट बापाचा. या वर्षात तिच्याबरोबर दिसलेली पुरुषमंडळी: एक दातांचा डॉक्टर, एक पोहण्याचा शिक्षक, एक सायप्रसचा व्यापारी, आणि एक जण ज्याचा धंदा बखीतलाही कळला नाही. बखीत आमच्या इमारतीचा दरवान. अलेक्झांड्रियात दरवानाला न कळलेला माणूस म्हणजे प्रकरण गंभीर.

रिफअत माझा धाकटा भाऊ, तिचा बाप. त्याला यातलं काही ठाऊक नाही. होऊ द्यायचंही नाही. आयुष्यभर बंदरात जहाजं आत आणली, आता निवृत्त. चार वर्षांपूर्वी हृदयाची एक नळी साफ करावी लागली. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे, फिरायला जात चला. डॉक्टर पेशंटच्या तोंडावर असंच बोलतात. खरा अर्थ मी ओळखला: याला धक्का सोसणार नाही.

निश्चय: रमजानच्या आत नेव्हीनचं लग्न. त्याच्या कानावर काही जायच्या आत. मी मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिका होते. अख्खी शाळा माझ्या चपलांच्या आवाजाने गप्प व्हायची. एक मुलगी काही जड नाही.

१७ नोव्हेंबर

मकनसाचं, म्हणजे केरसुणीचं, वादळ आलं. नावाप्रमाणे झाडू मारून गेलं. समुद्र थेट रस्त्यावर.

नेव्हीन दुपारी भिजून आली. कोटाची बाही खांद्याशी उसवलेली, मनगटावर लाल वळ. हसत होती. ते हसू मला आवडलं नाही. म्हणाली, वाऱ्याने फाटली गं आत्या. मी भूगोलाची पदवीधर आहे, वाऱ्याला बोटं असतात असं आम्हाला शिकवलं नव्हतं. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. बाही शिवून दिली. टाके सुबक आले.

मग ती थेट बापाच्या खोलीत. त्याच्या पायाशी बसून त्याची नखं कापली. तो संत्रं सोलून एकेक फोड तिच्या तोंडात घालत होता. मग दार लोटलं आणि दोघांच्या हसण्याचा आवाज. टीव्हीवर काही विनोदी असेल.

टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे. असो.

२० नोव्हेंबर

आज नेव्हीनच्या पाळतीवर गेले. काळा चष्मा, डोक्याला तपकिरी रुमाल, ट्रामचा पुरुषांचा डबा, म्हणजे तिला संशय नको. ती पुढच्या डब्यात. सगळं बेतल्याप्रमाणे चाललं होतं. इब्राहिमियाच्या थांब्यावर एक धिप्पाड बाई फलाटावरून ओरडली, इन्शिराह बाई! ओळखलंत का? तुम्ही मला वर्षभर उभं केलं होतंत! अख्खी ट्राम वळून बघायला लागली. नेव्हीनही. खिडकीतून हात हलवून म्हणाली, आत्या, चष्मा उलटा आहे.

चष्मा उलटा नव्हता. तरी मी हात लावून पाहिला, हे चुकलं.

पुढच्या थांब्यावर ती उतरली. एका राखाडी गाडीत बसली. गाडीतला माणूस रिफअतच्या वयाचा होता. मी घाबरले नाही. उतरून थांब्यावरच्या बाकावर थोडा वेळ बसले, इतकंच.

२२ नोव्हेंबर

जेवताना रिफअतने नेव्हीनला सहज विचारलं, त्या दातवाल्याचं पुढे काय झालं? माझ्या हातातून मुलुखियाचं भांडं सुटलं. हिरवा रस्सा चटईभर. नेव्हीन म्हणाली, सोडला, बोलताना सारखं माझ्या दाढांकडे बघायचा. रिफअत खो खो हसला.

बिचारा. याची दाढ दुखत असणार. उद्या लवंगेचं तेल आणते.

२४ नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं.

न्हाणीघरात नळ बराच वेळ चालू होता. दार ढकललं. नेव्हीन कपड्यांसकट फरशीवर बसलेली, नळाच्या आवाजाखाली रडत होती. मी म्हटलं, पाणी वाया जातंय. ती म्हणाली, आत्या, मी ज्यांना ज्यांना सोडते ते दुसऱ्या दिवशी कामावर जातात. एकाचाही दिवस बुडत नाही. मी म्हटलं, नोकरी असते त्यांना. ती म्हणाली, बाबा गेले ना, की त्याच दिवशी मी समुद्रात जाईन. चालत. आवाज असा, जणू भाजी आणायला निघालीय.

तिला उठवलं. कोरडे कपडे दिले. बडीशेपेचा काढा दिला. पोटात वात धरला की माणूस असं बोलतं.

स्वतःसाठी काढा पुन्हा गाळायला घेतला, तो ओट्यावर सांडला.

निश्चय पक्का. नवरा, तोही या शहराबाहेरचा. बाप एका गावात, मुलगी दुसऱ्या. एका वर्षात मन रमेल.

२८ नोव्हेंबर

स्थळ सापडलं! इहाब. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, वय चौतीस, राहणार दमनहूर, म्हणजे रेल्वेने तासाभरावर. आई हाज्जा तफीदा, माझ्या शाळेत शिवण शिकवायची. समुद्राकाठच्या चहाच्या दुकानात गाठ घालून दिली. मी शेजारच्या टेबलावर पाठमोरी बसले. ऐकत नव्हते. वारा त्या दिशेने होता.

नेव्हीनने त्याला पहिल्याच घोटाला सांगितलं, माझ्याबद्दल चौकशी करा, खूप करमणूक होईल. इहाब म्हणाला, केली. अलेक्झांड्रियाचा वारा दमनहूरपर्यंत येतो. ती म्हणाली, मग? तो म्हणाला, मग काय, चहा गार होतोय. मी कालवे बघतो, बाई. पाणी सैरावैरा धावतं तेव्हा ते वाईट नसतं, त्याला वाट नसते.

मान वळवून पाहिलं, तर नेव्हीन स्वतःच्या बशीतली बिस्किटं त्याच्या बशीत ठेवत होती. असं ती फक्त बापासाठी करते.

मला रडू आलं. वारा खारट होता.

१ डिसेंबर

नेव्हीन हो म्हणाली! गुरुवारी फातिहा. वरपक्ष येणार, दोन्हीकडचे पुरुष हात पसरून कुराणातली फातिहाची प्रार्थना वाचणार, सरबत फिरणार, की झालं पक्कं.

रिफअतला सांगितलं. तो म्हणाला, चांगलं आहे. मग म्हणाला, दमनहूर? मी म्हटलं, तासाभराचा प्रवास. तो म्हणाला, मी माल्टाहून आलेली जहाजं आत घेतली आहेत ताई, पण दमनहूर लांब आहे. मग नेव्हीनला म्हणाला, जा बेटा, माझं काय, मी आणि तुझी आत्या, दोघं बसू भिंतीकडे बघत. ती त्याच्या गळ्यात पडली.

किती समजूतदारपणे घेतलं त्याने. त्याच्या हृदयाचा मलाच उगाच घोर.

३ डिसेंबर

गुरुवारची योजना कागदावर न मांडता डोक्यात ठेवली आहे. अडचण एकच होती, झगरूता, म्हणजे शुभप्रसंगी बायका जीभ हलवून काढतात तो उंच सूर. पोरीच्या घरून तो सूर निघालाच पाहिजे, आणि मला तो येत नाही. शाळेत बंदी होती, मीच घातलेली. म्हणून बखीतची बायको उम्म हाशिम, तिचा गळा बंदरापर्यंत जातो. तिला स्वयंपाकघराच्या दारामागे उभी करणार. तिला नीट बजावलं: आत एकदम शांत झालं की समज फातिहा चालू आहे. शांतता मोडून आवाज झाला की समज संपली. मग सोड सूर.

ती म्हणाली, बाई, चूक व्हायला जागाच नाही.

तेच मला हवं होतं.

५ डिसेंबर, गुरुवार, दुपार

हिवाळ्यातलं पुढचं, कासिमचं वादळ. पाऊस आडवा. तरी दमनहूरचे निघाले म्हणून फोन आला. गुलाबाचं सरबत काढून ठेवलं, पेस्ट्रीचे दोन डबे. नेव्हीन आरशापुढे. निळा पोशाख, ओठांना रंग नाही. म्हणाली, आत्या, मला भीती वाटतेय. मी म्हटलं, भीती म्हणजे शिस्तीचा अभाव. ती म्हणाली, ही चांगली भीती आहे गं.

रिफअतने दुपारी खारवलेला मासा आणि कांदा भरपूर खाल्ला. मन प्रसन्न असल्याचं लक्षण.

६ डिसेंबर, सकाळ. हॉस्पिटल.

बाकावर बसून लिहिते आहे.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तिथेच घात झाला. इहाबच्या मामांनी म्हटलं, चला, फातिहा वाचू. सगळ्या पुरुषांनी तळहात वर केले. रिफअतनेही केले. मग खोली शांत. मग रिफअतचे हात खाली आले आणि छातीवर गेले.

नेव्हीन किंचाळली, बाबा!

शांतता मोडली. उम्म हाशिमने सूर सोडला.

असा सूर मी जन्मात ऐकला नव्हता. वरच्या मजल्यावरून उत्तर आलं, मग समोरच्या इमारतीतून, मग गल्लीभर. दोन मिनिटांत जिन्यात माणसंच माणसं. वादळाने लिफ्ट बंद, म्हणून रिफअतला खुर्चीत बसवून खाली नेत होतो, आणि प्रत्येक मजल्यावर बायका मला मिठ्या मारत होत्या. मुबारक, इन्शिराह बाई! तिसऱ्या मजल्यावरच्या सामियाने रिफअतच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, बापाचं मन बघा, आनंदाने पाय गळाले. कोणीतरी सरबत वाटायला सुरुवात केली. इहाबने खुर्चीचा एक पाय धरला होता. दुसऱ्या हातात कोणीतरी ग्लास दिला, तो त्याने तसाच रस्त्यापर्यंत नेला.

नेव्हीन गाडीत बापाचा हात धरून. तिला इहाब काही तरी बोलला. तिने काच वर केली.

६ डिसेंबर, दुपार

डॉक्टर तरुण आहे. मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाला, बाई, हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे. वात आहे. मासा आहे. आणि घरात काही चाललंय का?

मी म्हटलं, पुन्हा तपासा. त्याने पुन्हा तपासलं. तेच निघालं. हे नवे डॉक्टर घाईत असतात.

९ डिसेंबर

इहाब भेटायला आला. पेरू आणले होते. तो दारात दिसताच रिफअतच्या छातीत कळ आली. तो गेल्यावर कळ गेली आणि रिफअतने पेरू मागितले. योगायोग.

बाहेर इहाब मला म्हणाला, मी थांबेन. पण मला कोणीतरी सांगा, कशासाठी थांबायचं ते. असा सरळ प्रश्न मला शाळेतही कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, कळवते.

नेव्हीन बापाच्या उशाशी. त्याला सांगत होती, मी कुठे जात नाही. मग दोघं खेळत बसले, पत्ते.

तिला डॉक्टरचं बोलणं सांगायला हवं. सांगितलं तर ती सुटेल. उद्या सांगणार.

१० डिसेंबर

घरी आलो. दगदग होती. उद्या.

१२ डिसेंबर

नेव्हीनचा चेहरा इतका शांत मी तिच्या आईच्या मृत्यूनंतर पाहिला नव्हता. न्हाणीघराचा नळ बंद असतो. अशा वेळी कसं बोलायचं? शिवाय रिफअत पलीकडच्या खोलीत, ऐकलं तर धक्का बसायचा.

म्हणजे, त्याला फक्त वात आहे हे कळल्याचा धक्का. नीट लिहिलं की वाक्य विचित्र दिसतं.

१५ डिसेंबर

हाज्जा तफीदाचा फोन. म्हणाली, इन्शिराह, माझा मुलगा लग्न एका बाईशी करणार होता. तिच्या बापाच्या छातीशी नाही. दोन दिवसांत हो की नाही सांग. शिवणाच्या बाईने मुदत घातली, आणि ऐकून घेणारी कोण? मी.

उद्या सांगणार. नक्की. सकाळीच.

१७ डिसेंबर, संध्याकाळ

सांगितलं.

नेव्हीन आरशापुढे केस विंचरत होती. मी दार लावलं, उभ्या उभ्या सगळं बोलले. हृदयाला काही झालेलं नाही. वात होता. तुला थांबवायला त्याने छाती धरली. तू आज फोन कर, इहाब अजून थांबलाय. मी बापाला बघेन. तू जा. बोलले. वर्गात बोलावं तसं, शेवटपर्यंत.

ती म्हणाली, मला माहीत आहे आत्या. डॉक्टरने तुझ्या आधी मला सांगितलं.

मी म्हटलं, आणि तरी?

तिने कंगवा खाली ठेवला. म्हणाली, मी जाणार म्हणून आजवर कोणाच्या छातीत दुखलं नव्हतं. खोटंसुद्धा.

मी म्हटलं, माझ्या दुखेल. ती हसली. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, तुला दुखायला कधी वेळ होता? तू बाही शिवत होतीस. इहाबला नकार तिने कालच कळवला होता.

मग ओठांना लाल रंग लावला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं, राखाडी गाडी. मी म्हटलं, नको जाऊस. तिने जाताना बापाच्या कपाळाचे मुके घेतले, मला सांगितलं, जेवायला थांबू नका. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

रिफअतने आतून विचारलं, गेली का? मी दारात जाऊन उभी राहिले. काय सांगावं, किती सांगावं, शब्द जुळवत होते. मी म्हटलं, मैत्रिणीकडे गेली आहे.

तो म्हणाला, तो राखाडी गाडीवाला ना? चालणार नाही तो जास्त दिवस, ताई. घोरतो म्हणे. येऊ दे, आली की सांगेल सगळं. मला तर प्रत्येकाचं सांगते. तो सायप्रसवाला आठवतो तुला? नाही, तुला कुठून आठवणार.

आणि उशीवर डोकं मागे टाकून तो मनापासून, पोट धरून हसला. छातीला काही झालं नाही.

मी चौकट धरून उभी होते. या घरात धक्का न सोसणारं माणूस एकच निघालं. रिफअतने चहा मागितला. मी आत गेले, भांडं ठेवलं, आणि गॅस पेटवायला मला चार काड्या लागल्या.