चौतीस नंबरची बाटली

प्रिय धाकट्या,

काल केबिनचं दार लावून घेऊन तू मला म्हणालास, "ताई, तुझं वय झालं. तुला नीट आठवत नाही." वर पाण्याचा ग्लास पुढे केलास. पाणी मी प्यायले. आता माझ्या आठवणीचं बघू.

अकरा वर्षांपूर्वीचा मंगळवार. तू परिषदेला गेलेला, आणि पहाटे तुझ्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. सोबत मी. साडेनऊला तुझी लेक झाली, डोक्यावर हे एवढं जावळ, आणि मी तिला नर्सच्या आधी हातात घेतलं. मग धावतपळत प्रयोगशाळेत आले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पायात दवाखान्यातल्या रबरी चपला तशाच होत्या. डावीचा पट्टा तुटका होता. अजून काही आठवून दाखवू?

माश्यांची चौतीस नंबरची बाटली आदल्या रात्री अकराला मीच रिकामी केली होती, आत फक्त कोष ठेवून. त्यानंतर आठ तासांच्या आत, कोषांतून नव्याने निघालेल्या माद्या नरांपासून वेगळ्या काढायच्या. उशीर झाला तर त्या नरांना भेटलेल्या असतात, आणि मग अळ्यांचा बाप कोण हे कुणालाच सांगता येत नाही. हे तुला मीच शिकवलं, शाळेच्या सुट्टीत तू डबा घेऊन माझ्याकडे यायचास तेव्हा. सगळी इमारत मला माशीताई म्हणते ती काही उगाच नाही. नुकत्याच निघालेल्या मादीच्या पोटात काळपट ठिपका दिसतो, तास-दोन तास. तो दिसला की मादी कोरी, निर्धास्त घ्यावी. तुला चाळीस हव्या होत्या. ठिपक्याच्या निघाल्या नऊ. बाकीच्या एकतीस मी तशाच ब्रशने उचलल्या आणि नोंदवहीत वेळ लिहिली, सकाळी सात. माझ्या हाताने लिहिली. आयुष्यात एवढं एकच खोटं लिहिलं, आणि नेमकं तेच तुझ्या कामी आलं.

कारण तुझा तो नावाजलेला शोध त्याच चाळीस माद्यांच्या वंशावर उभा आहे. डीएनए तुटला की पेशी आधी तुटल्या जागी खूण करते. मग दुरुस्तीचं सामान तिथे जमतं, आणि शेजारची शाबूत प्रत वाचून गेलेला मजकूर पुन्हा भरला जातो. ही दुरुस्ती ज्याच्यावाचून अडते ते जनुक आपण त्या माद्यांत आणि त्यांच्यासाठी निवडलेल्या नरांत निकामी केलं होतं. किरणांचा मारा केल्यावर अळ्या मरायला हव्या होत्या. बऱ्याच जगल्या. तू टेबलावर ताल धरलास, आणि दुरुस्तीची एक नवीच वाट सापडली असं छापून आलं. वाट कसली, डोंबलाची! बाटलीतल्या नरांकडे मात्र त्या जनुकाची एक चांगली प्रत होती. ती बापाकडून अळ्यांना मिळाली आणि त्या आपल्या नेहमीच्याच रीतीने सावरल्या. पुढे तू जितक्यांदा पडताळून पाहिलंस, तितक्यांदा त्याच वंशाच्या माश्या घेऊन.

मला संशय आला नव्हता का? आला होता. तू इतका खूश होतास की मी मूग गिळून बसले. चूक माझी. तिथवर तुझा काही दोष नव्हता.

आता आहे. आपल्या चष्मेवालीने, तुझ्याच विद्यार्थिनीने, मूळच्या माश्यांपासून नव्याने सुरुवात करून तीनदा प्रयोग केला, आणि तिन्ही वेळा अळ्या मेल्या. मरायलाच हव्या होत्या. तू खापर तिच्यावर फोडलंस. तिचा हात बरोबर नाही, तिला संशोधनातून काढा, असं समितीला लिहून दिलंस. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोरीला मी शिकवलंय. इतका साफ हात या इमारतीत दुसरा नाही. तुझाही नाही, लहानपणापासून तू धसमुसळाच. म्हणून काल आले, शोध मागे घे म्हणाले, सगळा दोष माझ्या नावावर लिही म्हणाले. तुला संचालकपदाची मुलाखत दिसत होती. मग माझं वय काढलंस, आणि ते पुरेना तेव्हा म्हणालास, आईला काय वाटेल? आईला मी सगळं सांगितलंय. तिने दोनदा विचारलं, त्या मुलीचं पुढे काय? तुझं काही विचारलं नाही.

तेव्हा नीट ऐक. तू काल सुचवलंस तशी मी निवृत्तीपर्यंत गप्प बसणार नाही, रजेवरही जाणार नाही. हे पत्र आज सकाळी मी दोनदा लिहून काढलं, शब्दाला शब्द. एक तुझ्या दाराखालून सरकवतेय. दुसरं जुन्या नोंदवहीसकट पाकिटात बंद केलंय, तू हे वाचशील तेव्हा ते चष्मेवालीच्या हातात असेल. शुक्रवारी दहाला ती समितीपुढे बसेल आणि मी तिच्या शेजारी. माझ्या दुसऱ्या बाजूची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवीन. तू स्वतः उठून सांगितलंस तर ती पाकीट उघडणार नाही, तसं तिने मला कबूल केलंय. यायचं नसेल तर हे पत्र खुशाल फाड. दुसरी प्रत शाबूत आहे.

तुझीच, सगळं लख्ख आठवणारी,
ताई