लोखंडी पत्र्यावरची सम

र्युसेल्सहाइम, जर्मनी, नोव्हेंबर २००५

तीर्थरूप वासुदेवमामांस,

चारुदत्तचा, तुमच्या तबल्याला हात न लावता, साष्टांग नमस्कार. खांदा कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या की शेक घेता घेता तुम्ही क्लासही घेता. घेऊ नका. आम्ही मजेत आहोत. मीनलला इथली थंडी मानवते, मला नाही, आणि लेक अपूर्वा मराठीत काहीही विचारलं तरी जर्मनमध्ये नको म्हणते.

पत्रास कारण की, मी वाजवणार आहे. (आधी बसून घ्या.) सातवीत असताना तुम्ही मला क्लासातून उठवलंत, तू नुसतं ऐकत जा म्हणालात, ते मी इतकी वर्षं पाळलं. इतकं की त्यावरच पोट भरतो: गाडीत कुठे काय खडखडतं ते ऐकायचं आणि बंद पाडायचं. पण येत्या डिसेंबरात इथल्या हॉलमध्ये, चारचौघांसमोर, मी वाजवणारच.

हे घडलं ते उवेमुळे. उवे ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, टकला आहे आणि बारा महिने काळे कपडे घालतो. आज माझ्यासारखाच खडखडाट बंद करणारा हा गृहस्थ ऐंशीच्या दशकात पत्रे, पिंपं आणि ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर तोच खडखडाट करायचा, वर आरडाओरडा. आधी नुसता गोंगाटच होता, म्हणतो. मग त्याला सिंथेसायझरचा सरळ ठोका मिळाला आणि माणसं बूट आपटत नाचू लागली. पुढे कोणी त्यातलं ओरडणं काढलं, वेग वाढवला, आणि टेक्नो झालं. हे सगळं आमच्या शेजारच्या फ्रँकफर्टच्या डिस्कोंमध्ये शिजलं आणि भिंत पडल्यावर रिकाम्या कारखान्यांत नाचून श्रेय मात्र बर्लिनने लाटलं, असं त्याचं ठाम मत आहे. बर्लिनचं नाव निघालं की तो, तुम्ही सांगलीत बसून मिरजेबद्दल बोलता तसा बोलतो.

तर त्याच्या जुन्या मंडळींनी पुन्हा एकत्र वाजवायचं ठरवलं आणि रविवारी सकाळी मला तालमीला नेलं. जागा म्हणजे बंद पडलेलं वर्कशॉप. मी सवयीने बूट बाहेर काढले, जमिनीवर मांडी घातली (मोज्यांत लोखंडाचा कीस गेला, अजून टोचतो) आणि हाताने ताल धरला. पण मामा, सम सापडेना. प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा. धीर धरला, घाम फुटला, शेवटी हात वर करून त्यांना थांबवलं आणि विचारलं की तुमचं हे सुरू कुठून होतं?

सिंथेसायझरवाला म्हणाला इथून, ओरडणारा म्हणाला तिथून, आणि दोघांची जुंपली. वीस वर्षं प्रत्येक जण आपापल्या जागेवरून सुरू करत होता. उवे 'गेनाऊ, गेनाऊ' (म्हणजे अगदी बरोबर) करत दोघांनाही दुजोरा देत होता. अखेर त्यांनी माझ्या हातात हातोडा दिला, समोर भलामोठा पत्रा टांगला आणि म्हणाले, तूच ठरव. सोळा ठोक्यांनी एकदा, समेवर, मी हाणायचं.

रोज रात्री जेवण झालं की मी मांडीवर घोकतो. अजून चुकते. कधी आधी पडते, कधी नंतर. मीनल म्हणते, सोड. मी सोडणार नाही. मला एकदा तरी समेवर यायचंय, मग लोक हसले तरी चालेल.

मामींना नमस्कार. आपला आज्ञाधारक (एक आज्ञा वगळून),
चारुदत्त

ता. क. पोस्टरवर माझ्या नावाखाली 'सांगलीच्या पंडित वासुदेव यांचे शिष्य' असं छापलंय. मी फक्त तुमचं नाव सांगितलं होतं, पंडित त्यांनी लावलं. शिष्य मात्र मीच म्हणालो. तेवढं राहू द्या.

ता. क. २. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ज्याने हातात दिलं तोच उवे. सुट्टी काढून तुमच्याकडे शिकायला आलाय. दारात उभा असेल तर आत घ्या. तुमचा शिष्य कसा आहे, हे तो तुम्हाला विचारणार आहे. त्याला मराठी येत नाही, पण चेहरा वाचता येतो. तेव्हा मामा, हे वाचताना जरा हसा. तो बघतोय.