एकविसावं पान

सोलापूर,
४ जानेवारी १९७६

प्रिय विजू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फोडावं की नाही, याचा तू विचार करशील. फोडलंस तर पुरतं वाच. तुझ्या पत्रांना मी सहा महिने उत्तर दिलं नाही. दिवाळीत तू धाडलेलं पार्सल तर सोडलंही नाही, वर 'वाचायला वेळ नाही' असं लिहून पोस्टमनच्या हाती परत दिलं. वेळ होता गं. शाळेला सुट्टी होती, फराळाचंही सगळं आत्याबाईंनीच केलं होतं, सुनेला हात लावू दिला नव्हता. मी जळत होते, दुसरं काही नाही.

तुझं जुलैमधलं पत्र चार पानी होतं आणि त्यातली तीन पानं मनकर्णा होती. बार्शीला जाऊन तुला महिना झाला नव्हता, तेवढ्यात ही नवी मैत्रीण. मनकर्णा शेवटचं पान आधी वाचते, मनकर्णा वाचताना शेंगा खाते, दुपारी तुम्ही दोघी एकाच पुस्तकावर वाकून वाचता आणि एकीचं पान होईपर्यंत दुसरी थांबते. आपण आठ वर्षं एका कार्डावर वाचलं, विजू. मी भराभर वाचायची म्हणून पुस्तक आधी माझ्याकडे, मग तुझ्याकडे, आणि तूच ते वाचनालयात परत करायचीस. नायिकेनं काय करायला हवं होतं यावरून आपण नळावर घागरी भरून वाहून जाईपर्यंत भांडलो. पण शेजारी बसून वाचू, असं तू मला कधी म्हणाली नाहीस. तिचं पान होईपर्यंत थांबतेस, हे वाचून मी डबा घासताना त्याचं झाकण इतक्या जोरात आपटलं की ते अजून नीट बसत नाही.

पण खरी आग पुढेच लागली. तुझी आठवण येई (येत नव्हती असं खोटं कशाला लिहू?) तेव्हा मी वाचनालयात जाऊन आपली जुनी पुस्तकं काढून बघायची. एकविसावं पान उघडायचं, खालच्या कोपऱ्यात माझा पेन्सिलीचा ठिपका आणि शेजारी तुझी चंद्रकोर. वाचून झाल्याची आपली खूण. आपल्या दोघींशिवाय ती कुणालाच ठाऊक नाही, या भ्रमात मी होते. एका पुस्तकात तुझ्या चंद्रकोरीशेजारी एक उभी रेघ दिसली. दुसरं काढलं, तिथेही. अशी सात पुस्तकं सापडली. कसली रेघ ती! इतकी दाबून मारलेली की बाविसाव्या पानावर तिचा वळ उठलेला. ग्रंथपाल पंचाक्षरींना विचारलं, ही पुस्तकं आमच्यानंतर कोण नेतं? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमच्याच कार्डावर गेलीत की ही. दुसरं कुणी शिवलं नाही."

म्हणजे माझ्याकडून पुस्तक नेल्यावर आणि परत करण्याआधी तू ते तिसऱ्या कुणाला देत होतीस. आपली खूणही त्या बाईला दिली होतीस. गल्लीतल्या एकेकीचा चेहरा मी डोळ्यांपुढे आणला. बसम्मा कानडीच वाचते, गिरिजाबाईंना वर्तमानपत्रातल्या पाककृतीपलीकडे काही लागत नाही. मग कोण? आडदांड, अडाणी, पुस्तकाची किंमत नसलेली कुणीतरी बाई, असं मी तिला मनात ठरवून टाकलं आणि तिच्यापायी तुला पाण्यात पाहू लागले. दिवाळीचं पार्सल त्याच दिवसांतलं.

काल शनिवार, सकाळची शाळा. दुपारचा गिरणीचा भोंगा झाला तेव्हा घरी पोचले. तीन आठवडे पडून असलेलं पुस्तक परत करायचं होतं. अर्ध्यावरच सोडलं होतं मी ते. भांडायला कुणी नसलं की माझं वाचन असंच होतं. सवयीनं एकविसावं पान उघडलं. माझा ठिपका नव्हता, तुझी चंद्रकोर असणं शक्यच नव्हतं. पण ती उभी रेघ होती. तशीच दाबून मारलेली.

घरात आत्याबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं, तर माझ्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "पुरं झालं म्हणून मारली. ईजूनं सांगितलंय, पुरं झाल्याबिगर रेघ मारायची न्हाय." मग पुस्तकाकडे बघून म्हणाल्या, "तुजं झालं न्हाय व्हय आजून?"

विजू, मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. नुकती पेन्सिल धरलेला हात कसा दाबून लिहितो, वळ मागच्या पानावर कसा उठतो, हे रोज चाळीस वह्यांत बघते. सात वेळा ती रेघ बघून मला ते कळलं नाही.

मग हळूहळू सगळं निघालं. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाते म्हणून निघायच्या आणि दर्शन उरकून दोन तास तुझ्या खोलीवर बसायच्या. आधी तू वाचून दाखवायचीस, मग त्या बोट ठेवून वाचायच्या. एकाच पुस्तकावर वाकून, शेजारी बसून. विजू, सासू माझी, शिकवणं माझा धंदा, आणि दोन्ही तुझ्या खोलीत! मला राग आला, तो अजून आहे, लपवत नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या भाकरी उलटत म्हणाल्या, "तू हासली व्हतीस की गं."

आठवतं तुला? निंगप्पाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी उलटी धरली होती आणि मी चहा सांडेपर्यंत हसले होते. तू समोर बसली होतीस. तू हसली नाहीस. तेव्हा मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं.

हे सगळं मी पुढच्या आठवड्यातही लिहिलं असतं. आजच लिहायला बसले ते आत्याबाई नंतर जे बोलल्या त्यामुळे. ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, "जाताना ईजू म्हणली व्हती, दिवाळीला मोट्या अक्षरांचं पुस्तक धाडते, सुनंला दावा, तवाच तिला सांगा. आलंच न्हाय. इसरली आसंल. नवं गाव हाय, संसार हाय तिचा." तुझ्यावर रुसल्यासुद्धा नाहीत. मी ताट घेऊन पाटावर बसले आणि भाकरी मोडायला लागले. ते पार्सल अजून असेल तर टाकू नकोस. गड्ड्याच्या जत्रेला दहाच दिवस आहेत, तेव्हा तूच घेऊन ये. परत कुणी केलं ते मीच त्यांना सांगेन, तुझ्यासमोर, कारण हसले तेव्हाही तू समोर होतीस. मनकर्णालाही आण हवं तर, शेंगा भाजून ठेवते. फक्त तिला एकविसावं पान देऊ नकोस. बाविसावं दे.

तू ठेवशील तर तुझीच,
शालन