गुणपत्रिकेची मागची बाजू

चिंगीच्या बाबांना, रागात आहे तरी नमस्कार आधी.

आम्ही दोघी सुखरूप आहोत. खोली स्वच्छ आहे, देव ठेवायला कोनाडाही आहे. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

सैन्यात अधिकारी व्हायचा चिंगीचा अर्ज 'गुण अपुरे' म्हणून परत आला, म्हणून आज मीच तिच्याबरोबर भरती कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, "बाई, दहापैकी एक पॉइंट तीन. एवढ्यावर शिपाईसुद्धा होत नाही." पोरगी ताठ उभी होती, पण कान लाल झाले होते.

पोथीचं पान उलटल्याशिवाय मी अध्याय संपला म्हणत नाही. गुणपत्रिका उलटली. मागे छापलंय, चिंगी शिकली त्या परदेशी विद्यापीठात एक म्हणजे सर्वांत वरचा आणि पाच म्हणजे नापास. मी म्हटलं, "दादा, मी मॅट्रिक. मला वाचता आलं, तुम्हाला का नाही?"

तर म्हणे, मागची बाजू आम्ही बघत नाही, समकक्षतेचा दाखला आणा. शुक्रवारी मुदत संपते आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. उद्या दाखल्याची खिडकी उघडायच्या आधी मी जपमाळ घेऊन तिथे बसणार. हातात कागद पडल्याशिवाय उठायची नाही.

पण कारकुनाला ती परकी. तुम्ही बाप असून कागद न बघता भावकीत सांगून मोकळे झालात, "तिकडे जेमतेम पास झाली." ज्यांना सांगितलंत त्यांच्या दारात जाऊन शब्द मागे घ्या. मगच तिला फोन करा.

तुमचीच,
चिंगीची आई