जेवणाच्या सुट्टीतला लोड

१ नोव्हेंबर २००४, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं. कारण, सर्व्हर. कंपनीची सगळी ड्रॉइंग्ज, पत्रं, चलनं या एका मशीनवर असतात. चाळीस कॉम्प्युटर त्यातून फाइल घेतात. दसऱ्यापासून तो अडून बसलाय. गुरुवारपर्यंत छडा लावणार. लिहून ठेवतो, गुरुवार.

साहेबांनी आल्या आल्या बोलावलं. पुण्याच्या पार्टीला दहा तारखेला बासष्ट ड्रॉइंग्ज द्यायची आहेत. नाही दिली तर ऑर्डर गेली. ती काढतेय ड्रॉइंग सेक्शनची मनीषा खैरनार, आणि तिची तक्रार अशी की फाइल उघडायला सात मिनिटं लागतात. मी म्हटलं, संयम कमी आहे. साहेब म्हणाले, जीवन, संयम तुझ्याकडे ठेव, मला ड्रॉइंग पाहिजे. सातपूरच्या कारखान्यांत सिस्टिमवाल्याला मान नाही.

दुपारी १.२०
लोड म्हणजे सर्व्हरपुढे कामांची लागलेली रांग. एक-दोन असावा. अकरा वाजता तीन होता. आता जेवणाच्या सुट्टीत सतरा.

हॉलमध्ये चक्कर मारली. सगळे कॅन्टीनला. कीबोर्डमध्ये शेव, माउसला लोणच्याचं तेल, एका मॉनिटरवर तंबाखूची पुडी. शिसारी आली. या लोकांच्या हातात मी नेटवर्क दिलंय. स्क्रीनकडे बघून तेवढं बरं वाटलं. खंडेनवमीच्या मशीनपूजेचे फोटो फिरत होते. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप सुरू होतात. कल्पना माझी, सेटिंग माझं, चाळीसही मशीनवर. एकशे चाळीस फोटो. सदतीस फोटोंत मी आहे.

२ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी नोटीस लावली. ‘सर्व्हरवर फार लोड आहे. सर्वांनी ताबडतोब लोड कमी करावा.’ मराठीत लिहिली, म्हणजे कळेल.

दुपारी ३
कळलं नाही. अकाउंट्सवाल्यांना वाटलं भारनियमन. त्यांनी पंखे आणि ट्यूब बंद केल्या, अंधारात बसून चहा प्यायले. स्टोअरचे वाळूनाना तर सर्व्हर रूममध्ये शिरले. मशीनच्या डोक्यावरची गेटपासची जुनी रजिस्टरं आणि स्टेशनरीचे दोन खोके उतरवून ठेवले. वर मला विचारलं, भाऊ, आता हलकं वाटतंय का त्याला. सटाण्याचा माणूस, काय बोलणार. आणि मला भाऊ म्हणू नका असं किती वेळा सांगितलंय. दारावर ‘सिस्टिम इनचार्ज’ पाटी आहे.

जेवणाच्या सुट्टीत लोड अठरा.

३ नोव्हेंबर, बुधवार
मनीषा खैरनार रूममध्ये आली. म्हणाली, सर, एक बघितलंय मी. सगळे जागेवर बसून काम करायला लागले की सर्व्हर पळतो. सगळे उठले की मरगळतो.

हसू आवरलं नाही. काम केल्यावर लोड वाढतो की कमी होतो, एवढं शाळेतल्या पोराला कळेल. तिला म्हटलं, मॅडम, तुम्ही तुमच्या रेघा मारा. ती गेली. चेहरा पाडून गेली, पण नेटवर्क म्हणजे भिशी नव्हे, ज्याला त्याला मत.

तरी शास्त्रीय टेस्ट करायचं ठरवलं. अकराला हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, पंधरा मिनिटं कोणीही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. सगळे हाताची घडी घालून बसले. एरवी सांगितलेलं एक ऐकत नाहीत, आज बालवाडीसारखे बसले. मी सर्व्हर रूममध्ये आकड्यावर नजर ठेवून. तीन. पाच. अकरा. सव्वीस.

चाळीस माणसं हात बांधून बसलेली आणि लोड सव्वीस. म्हणजे कोणीतरी चोरून काहीतरी करतंय. माझा संशय खरा ठरला. टेस्ट यशस्वी.

४ नोव्हेंबर, गुरुवार
छडा लागला. म्हटलं होतं ना, गुरुवार.

जेवणाच्या सुट्टीत वॉटर कूलरच्या मागे उभा राहिलो. कूलरखाली शेवाळ, त्यात कोणाची तरी बिस्किटं विरघळलेली. नाक दाबून वीस मिनिटं काढली. अख्ख्या हॉलमध्ये एकाच मशीनवर काम चालू होतं. मनीषा खैरनारचं. डबा एका बाजूला, भाकरी अर्धी खाल्लेली, बाई काम करतेय. आत पळत जाऊन बघितलं, लोड एकोणीस. काम करणारी एक, लोड एकोणीस. गणित सरळ आहे.

इंग्रजीत दोन पानांचा रिपोर्ट दिला. साहेबांनी पहिला पॅरा वाचला आणि तिला बोलावलं. ती म्हणाली, दहा तारीख गाठायची म्हणून जेवणाच्या वेळी बसते. वाळूनाना मध्येच दारातून म्हणाले, ती तं काम करी राहिनी. नानांना कोणी विचारलं होतं?

५ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेबांनी मनीषाला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. तिने कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, डबा आणि छत्री घेतली, आणि गेली. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. ड्यूटी आहे.

दुपारी १.३०
लोड वीस. एकाने वाढला. तिचं मशीन तर रिकामं आहे, त्यावरही माझे फोटो फिरताहेत. बहुतेक घरून काहीतरी करत असावी. मखमलाबादला त्यांच्या मळ्यात फोन तरी आहे का, याची चौकशी करायची.

८ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.३०
पुण्याच्या पार्टीचे इंजिनियर काम कुठपर्यंत आलं ते बघायला आले. नेमके जेवणाच्या सुट्टीत. साहेबांनी हॉल दाखवला. चाळीसही स्क्रीनवर फोटो. बरोबर तेव्हाच मी सर्व्हरला कुंकू लावतानाचा फोटो चार-पाच ठिकाणी आला. चांगला योग होता.

इंजिनियरांनी विचारलं, हे फोटो कुठून येतात. मी सांगितलं, सगळे सर्व्हरवरून, दर पाच सेकंदांनी नवा. प्रत्येक मशीनवर वेगळे ठेवायची गरजच नाही. त्यांनी विचारलं, लहान करून ठेवलेत का. मी म्हटलं, छे, एकही नाही. नव्या डिजिटल कॅमेऱ्याचे ओरिजिनल, पूर्ण साइज. लहान केले की चेहरे फाटतात.

त्यांनी परत सगळ्या स्क्रीनकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, सगळे माउस जरा हलवून बघू या का. वाळूनाना, इंजिनियर आणि स्वतः साहेब, तिघं एकेका टेबलाजवळ जाऊन माउस हलवत गेले. फोटो एकामागून एक गेले. मी सर्व्हर रूममध्ये उभा. वीस. चौदा. सहा. दहा मिनिटांत एक.

साहेब दारात आले. मी म्हटलं, ही एक शक्यता माझ्या यादीत होतीच. साहेब म्हणाले, जीवन, खैरनार बाईंना घेऊन ये.

संध्याकाळी ६
मखमलाबादला जाऊन आलो. मळ्यात चिखल, बुटांची वाट लागली. मनीषा दिवाळीसाठी झेंडू निवडत बसली होती. तिच्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, पाणी दिलं आणि समोरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या सुनंनं काय केलं व्हतं ते आधी नीट सांगा, मळ्यातल्या बाया विचारत्यात. मी म्हटलं, टेक्निकल होतं. त्या म्हणाल्या, म्हंजी काय. मला मराठीत सांगता येईना.

शेवटी म्हटलं, त्यांनी काही केलं नव्हतं. मग कोणी केलं व्हतं, म्हणाल्या. मी पाणी प्यायलो.

मनीषा म्हणाली, अंबडला एका कंपनीत शब्द दिलाय, उद्यापासून जायचंय. रागावलेली नव्हती. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं. मी सांगितलं, सर्व्हर आता एकदम फास्ट आहे. ती म्हणाली, बरं झालं सर. आणि फुलं निवडायला लागली.

९ नोव्हेंबर, मंगळवार
फोटो काढून टाकले. ड्रॉइंग सेक्शनमधल्या दुसऱ्या मुलाला बसवलंय. त्याला मनीषाच्या कामातलं निम्मंही कळत नाही. कीबोर्ड उलटे करून त्यांतली शेव मी स्वतः झाडली. रिपोर्टची ऑफिस कॉपी शोधून फाडायची होती. साहेबांच्या फाइलला आहे.

१० नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४.१५
बासष्टपैकी एक्केचाळीस झाली. पुण्याहून फोन आला. ऑर्डर गेली. साहेब ओरडतील म्हणून त्यांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. त्यांनी आतून विचारलं, काही काम आहे का. नाही म्हटलं.

मला माझीच शिसारी आली. हे कोणाला सांगायचं नाही.

संध्याकाळी ५
लोड शून्य. मनीषाच्या फोल्डरमधलं बेचाळिसावं ड्रॉइंग उघडून बघितलं. दोन सेकंदांत उघडलं. अर्धं काढलेलं होतं. पुढे काय करायचं असतं ते मला येत नाही. बंद केलं.