दाब चांगला होता

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय चिमटाबाई,

सप्रेम नमस्कार. हाताने लिहिलेलं पाकीट बघून तू आधी ते उलटंसुलटं करशील आणि मग म्हणशील, हिला काय झालं आता? मला काही झालेलं नाही. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी मधेच गप्प होते, म्हणून हे पत्र.

इकडे दवाखाना चालू आहे. भिंतींना नवा रंग दिला. रंगारी फिकट आकाशी म्हणाला होता. रंग वाळल्यावर बाबा आत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोहायच्या तलावात बसल्यासारखं वाटतंय." हत्यारं उकळायचं तुझं ते लाडकं यंत्र अखेर गेलं. तुझ्या जागी आता आणखी एक नवी सर्जन ठेवली आहे. पोरगी कामाला बरी आहे, पण बोलत नाही. तुझ्या टकळीची सवय असलेल्या माणसाला ती शांतता जड जाते.

परवा एक म्हातारी मांजर आली होती, दात काढायला. हृदय जरा जाड झालेलं. तिला सलाईन अगदी मुंगीच्या पावलाने दिलं. मांजरीला पाणी थोडं जरी जास्त झालं, तरी ते फुफ्फुसात उतरतं, हे मी त्या मुलीला समजावत होते. मांजर नीट शुद्धीवर आली आणि आल्या आल्या तिलाच चावली. म्हणजे सगळं यथास्थित.

नमनालाच घडाभर तेल घालतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मुकादम कसा आहे, असं तू इतक्यांदा मेसेजवर विचारलंस आणि मी दरवेळी 'ठीक' एवढंच लिहिलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मुकादम गेला. गुरुवारी सकाळी गेला.

इथपर्यंत लिहून उठले होते. चहा केला, प्यायले नाही. परत बसले आहे.

त्या ऑपरेशनच्या दिवशीचं तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या बाजूने सांगू दे. सकाळी बाबा पट्टा घेऊन त्याला फिरवायला निघाले, तर तो दारातच बसला. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडलेल्या होत्या आणि पोट टम्म झालं होतं. पोटात सुई घातली तर नुसतं रक्त आलं. प्लीहेवर मोठी गाठ होती आणि ती फुटली होती. नव्या मुलीने इतकं मोठं ऑपरेशन एकटीने कधी केलेलं नाही. दुसरं कुणाचं नाव माझ्या मनात आलंच नाही. आपण एका खोलीत उभ्या राहून किती वर्षं झाली होती, तेही आठवलं नाही. तू भटक्या कुत्र्यांच्या त्या निवाऱ्यातून आलीस ती तिथल्या रबरी चपला तशाच घालून.

तू निवाऱ्यात गेलीस तेव्हा आपण भांडून वेगळ्या झालो, असं लोक म्हणतात. भांडण कसलं, धुसफूसच होती ती. भटक्या कुत्र्यांची नसबंदी वीस मिनिटांची, तिला सलाईन कशाला, असं तू म्हणायचीस. भूल दिली की शीर हाताशी हवीच, असं मी म्हणायचे. मी थेंब मोजत बसते म्हणून तू माझं नाव ठिबक ठेवलंस. मी चिडायचे, पण ते नाव मला आवडायचं. तू गेल्यावर त्या नावाने कुणी हाक मारली नाही.

मुकादम तेवढा माझ्याकडे राहिला. मोडक्या पायाचं पिल्लू होतं ते. तू हाड बसवलंस, मी भूल दिली. चालता यायला लागल्याबरोबर तो रोज सकाळी एकेका पिंजऱ्यासमोर थांबून हजेरी घ्यायला लागला, म्हणून बाबांनी त्याला मुकादम केलं. तू त्याला बरोबर नेणार होतीस. बाबांकडे बघून ठेवून गेलीस. ते तेव्हाही मला कळलं होतं.

तर त्या दिवशी तू पडद्याच्या त्या बाजूला होतीस आणि मी डोक्याशी. भुलीने शिरा सैलावतात आणि रक्ताचा दाब पडतो. त्यात हा आधीच रक्त गमावून बसलेला. पाणी भराभर सोडावं तर उरलेलं रक्त पातळ होणार आणि दाब चढला की जखम पुन्हा वाहणार. हात आखडावा तर मूत्रपिंडं बसणार. समोरच्या शिंप्याच्या दांडग्या कुत्रीचं रक्त मिळालं, ते कोमट करून लावलं. तू "आता बांधते" म्हणायच्या आत माझा हात सलाईनचा वेग बदलायच्या चकतीवर गेलेला असायचा. इतक्या वर्षांत आपण एकमेकींच्या हातांना विसरलो नव्हतो. खरं सांगू का, कुत्रा मरणाच्या दारात होता आणि मी आतून सुखात होते. याची मला आता लाज वाटते.

प्लीहा बाहेर आली. दाब चढला आणि टिकला. मग तू गप्प झालीस. तू आणि गप्प, म्हणूनच मी मान वर केली. तू मला पडद्यावरून बघायला सांगितलंस. यकृतभर काळसर गाठी होत्या, कुणी मूठभर फेकल्यासारख्या. तू त्यावर ओलं कापड ठेवलंस.

"ठिबक, इथेच थांबवू या," तू म्हणालीस. "तो झोपेत आहे. त्याला काही कळणार नाही."

मी मॉनिटरकडे पाहिलं. सगळे आकडे जिथे हवेत तिथे होते. ते मी तिथे आणले होते.

"दाब चांगला आहे," मी म्हणाले. "टाके घाल."

तू विचारलंस, "दाब कुणासाठी चांगला आहे गं?" कुत्रा माझा होता, शब्द माझाच चालणार होता. तू टाके घातलेस. इतके सुबक टाके मी तुझेसुद्धा कधी पाहिले नव्हते.

जाताना तू एवढंच मागितलंस की वेळ आली की मला बोलव. मी हो म्हणाले. बाहेर बाबा उभे होते. त्यांना मी सांगितलं, ऑपरेशन छान झालं. ते खोटं नव्हतं. गाठी यकृतात पसरल्यात, हे मात्र सांगितलं नाही. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवावर गेलं.

पहिले काही दिवस खरंच बरे गेले. त्याने पिंजऱ्यांची हजेरीसुद्धा घेतली. मी मनात तुला म्हणत होते, बघ. मग तो खाईना. ताटलीपाशी यायचा आणि मान वळवून उभा राहायचा, नको असलेला पाहुणचार माणूस टाळतो तसा. पोट परत भरत आलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून उभाच राहायचा आणि उभ्या उभ्या पेंगायचा. मी घरी सलाईन लावलं, बाटली पडद्याच्या दांडीला अडकवली. गार पाणी अंगात गेलं की त्याला हुडहुडी भरते, असं मी सहज बोलून गेले. तेव्हापासून बाबा स्टुलावर बसून ती नळी मुठीत धरायचे. एक हात दमला की दुसरा. वर्तमानपत्र मांडीवर पडलेलं असायचं, पण पान उलटायला हात मोकळा नसायचा.

मला सगळं दिसत होतं. दुसऱ्या कुणाचा कुत्रा असता तर मी त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं असतं, आता पुरे. इथे मी औषध बदलत होते, वेग बदलत होते, सुईची जागा बदलत होते.

बुधवारी बाबांनी विचारलं, अजून किती दिवस लावायचं हे? अंगावर थोडं मांस दिसायला हवं होतं ना एव्हाना? मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, तू काय म्हणालीस तेही. ते ऐकत राहिले. नळी अजून मुठीतच होती.

"मला वाटलं, आपण त्याला बरं करतोय," ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नळी हळूच सोडली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठून आपल्या खोलीत गेले.

गुरुवारी सकाळी त्याला दवाखान्यात नेलं. तुझा नंबर लावून मी फोन हातात धरला होता. तुझा नसबंदी शिबिराचा दिवस असेल, उगाच कशाला धावपळ, असं मनाशी म्हटलं आणि ठेवून दिला. ती पळवाट होती. तू आली असतीस. एक शब्दही बोलली नसतीस. तुझं ते न बोलणं मला सोसलं नसतं, म्हणून मी तुला बोलावलं नाही. ज्याचा पाय तू उभा केलास, त्याचा निरोप घ्यायचा तुझा हक्क होता आणि तो मी माझी मान खाली जाऊ नये म्हणून घालवला.

औषध नव्या मुलीने दिलं. सुई मीच लावली. त्याच्या चारही पायांवर मी ठिकठिकाणी केस काढून ठेवले होते, एक शीर धड उरली नव्हती. तरी पहिल्याच प्रयत्नात लागली. सुई लागू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्याने पाय ओढून घेतला नाही. मागच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी त्याला ठेवलंय.

आणखी एक राहिलंय, ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येणार नाही. काल जेवताना बाबा म्हणाले, "तिने यायला हवं होतं. इतकं कसलं काम." मी तुला कळवलं होतं आणि तू आली नाहीस, असं ते धरून चालले आहेत. मी वरण वाढत होते. वाढत राहिले.

आता हे पत्र टाकायला जाते आणि परत आले की त्यांना खरं सांगते. तू मला उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन. त्यांना मात्र एकदा फोन कर. तुझा आवाज ऐकल्याशिवाय, मी सांगितलेलं त्यांना खरं वाटेल की नाही, याची आता मला खात्री नाही.

तुझी,
ठिबक