आर्डिथच्या नावाला दिलेली ओ

आदरणीय वर्नाताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे हॉलिसचा, नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या डोथनला समुद्राचा वारा नाही, तेव्हा उकडत असेल. मी ठीक आहे. छातीत धडधडतं, पण ते नेहमीचंच. आर्डिथ तुमच्याकडे येऊन अकरा दिवस झाले, म्हणजे तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल. माझीही कळवतो.

शाळेच्या खानावळीतून निवृत्त झाल्यावर बायका विणकाम करतात. हिने पाठीवर हवेची टाकी बांधली. इथे पेन्साकोलापुढे समुद्रात एक जुनं जहाज घासूनपुसून, तेल काढून मुद्दाम बुडवलंय, माशांना घर हवं म्हणून. (आमचं छप्पर तीन वर्षं गळतंय, त्याचं कोणाला काही नाही.) ते शंभरावर फूट खोल आहे. ती खाली गेली की मी बोटीत बसून तिचे बुडबुडे बघतो. पण त्या दिवशी बारा जण खाली होते, कोणाचा बुडबुडा कोणता ते देवालाच ठाऊक. शिवाय मला उलट्या होत होत्या.

परत निघण्यापूर्वी बोटीचा कप्तान रॉइस हजेरी घेतो. ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची, हा कडक नियम. मला तो सकाळी दोनदा सांगितला होता. पण चर्चमध्ये, डॉक्टरकडे, तिला कोणी काही विचारलं की उत्तर मीच देत आलोय. बाकाखाली तिचे पायात घालायचे पिवळे फिन दिसले, ती शौचालयात असेल असं वाटलं, आणि तिचं नाव येताच मी म्हणालो, "आहे."

बोट सुटली. थोड्या वेळाने एका बाईंनी ते पिवळे फिन उचलले आणि स्वतःच्या पिशवीत घातले. मग मी नुसता हाताने मागे दाखवत राहिलो, तेव्हा कप्तानाने बोट वळवली.

आर्डिथ जहाजाला बांधलेला दोर धरून सावकाश वर आली होती (खोलातून एकदम वर येता येत नाही म्हणे), आणि दोराच्या टोकाच्या तरंगत्या पिंपाला टेकून आमची वाट बघत होती. कप्तान मला म्हणाला, "काका, पुन्हा दुसऱ्याच्या नावाला ओ दिलीत, तर तुम्हालाच बुडवून माशांचं घर करीन." सगळे हसले. ती हसली नाही.

"चव्वेचाळीस वर्षं तू माझ्यासाठी बोललास, हॉलिस," ती म्हणाली. "आज तर मी नसतानाही बोललास."

तेवढंच. दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे आली. माझं काही अडत नाही. पत्र सहज लिहिलं.

आपला,
हॉलिस

ता.क. ती परत येणार आहे का, तेवढं विचारून कळवा. मी विचारायला सांगितलं असं म्हणू नका.

आणखी एक. मी पालिकेच्या तलावावर पोहणं शिकायला जातो. काल अकरा सेकंद तोंड पाण्यात ठेवलं (कठडा धरून, पण ते सांगू नका). नवशिक्याशेजारी पाण्यात उभं राहायला घरचं कोणी लागतं. बायको येईल का, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणालो, तिला विचारून सांगतो.

तिचं नाव मात्र लिहून आलोय. पेन्सिलीने.